माझ्यासाठी कोणी थांबलं नाही

"इतके जवळचे मित्र, एवढा सुंदर प्रवास, आणि परत आल्यापासून त्यांचा फोन घ्यावासा वाटत नाही. म्हणजे आमची मैत्री वरवरचीच होती का?" हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणी ट्रेकहून आलेलं असतं, कुणी मैत्रिणींच्या सहलीहून. सुहास यांचा प्रश्न सायकलच्या प्रवासातून आला होता. (नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

सुहास 48 वर्षांचे. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधले ते चौघे मित्र पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून कोकण किनाऱ्याने गोव्याला सायकलवर गेले. कित्येक वर्षं नुसता बोलण्यात असलेला बेत अखेर पार पडला. पण परत आल्यावर तिघं ग्रुपवर फोटो टाकत राहिले आणि सुहास ग्रुप म्यूट करून बसले. अपॉइंटमेंट त्यांच्या पत्नीने घेतली. "गोव्याहून आल्यापासून हे घरातसुद्धा गप्प आहेत," एवढंच त्या म्हणाल्या.

घडलं होतं ते असं. गुहागरहून निघून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळच्या जेट्टीवर यायचं, तिथून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड आणि मुक्काम गणपतीपुळ्याला. नकाशावर हे अंतर फार वाटत नाही. पण त्या रस्त्याने जे गेलेत त्यांना माहीत आहे, गाव खाली खाडीला लागून, गाव सुटलं की उभा चढ, वर जांभ्या दगडाचं उघडं पठार, म्हणजे सडा, पुन्हा उतार आणि पुन्हा तेच. अशाच एका चढावर सुहास यांच्या पोटऱ्यांत पेटके आले. ते उतरून सायकल ढकलत चालू लागले. जेट्टीवर पोचले तेव्हा बोट निम्म्या खाडीत होती आणि तिघंही तिच्यात होते. मोबाइलवर फोटो आला, तिघांचे हसरे चेहरे आणि खाली ओळ: "भेट जयगडला!"

"भांडण झालं असतं तर बरं झालं असतं," सुहास म्हणाले. "कोणाच्या लक्षातच आलं नाही हो."

मी त्यांना 'सोडून द्या' म्हटलं नाही. मित्र पुढे निघून गेले हे खरं होतं आणि त्याचं वाईट वाटणं रास्त होतं. माझा पहिला प्रश्न मात्र वेगळा होता: त्या सकाळी काय खाल्लं होतंत? चहा आणि एक क्रीमरोल. जोरकस मेहनतीत शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण दोन तासांत संपत येतो. मग पाय जड होतातच, पण चिडचिड आणि रडू येण्याइतकी हताशाही येते. सायकलवाल्यांना हा अनुभव नवा नाही. त्या जेट्टीवरचा एकटेपणा खोटा नव्हता, पण तो रिकाम्या पोटी, उन्हात भाजलेल्या अंगाने अनुभवलेला होता.

दुसरी गोष्ट आठवणीची. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना 14 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, पण त्या शेवटच्या 30 सेकंदांत पाण्याचा गारवा एखाद्या अंशाने कमी होत गेला. तिसऱ्यांदा कोणता प्रकार निवडाल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा निवडला. आठवण सगळा काळ मोजत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट एवढंच ती घट्ट धरते. सुहास यांच्या मनात अख्खा प्रवास तवसाळच्या जेट्टीवर येऊन थांबला होता. म्हणून मी त्यांना प्रवास दिवसावार लिहून काढायला सांगितलं, काय खाल्लं, कुठे पंक्चर झालं, कोण काय बोललं, सगळं.

वही घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. दाभोळहून धोपाव्याच्या बोटीत चौघांतल्या मकरंदने त्यांची मागची बॅग काहीही न बोलता स्वतःच्या कॅरिअरला बांधली होती. हे ते पार विसरले होते. पण त्याच पानावर खाली एक ओळ होती: "रात्री गोळी बाथरूममध्ये जाऊन घेतली."

कसली गोळी? रक्तदाबाची, बीटा ब्लॉकर गटातली, काही महिन्यांपूर्वी सुरू झालेली. या गोळीने हृदयाचे ठोके एका मर्यादेपुढे वाढत नाहीत आणि चढावर दम लवकर संपू शकतो. घरी पत्नीला माहीत होतं, मित्रांना नाही. "म्हातारा झालास म्हणून चिडवतील," असं त्यांना वाटलं. होस्टेलमध्ये सुहास सगळ्यांच्या पुढे असायचे, मागे राहिलेल्यांसाठी थांबायचे ते हेच. आता आपल्यासाठी कोणी थांबावं लागेल, हे सांगणं त्यांना जमलं नाही. आपले आहेत, न सांगता कळेल, ही अपेक्षा मी पुरुषांच्या मैत्रीत फार पाहते. कर्ज, नोकरी, दुखणं यांतलं काहीच बोललं जात नाही आणि तरी मैत्री जिवाभावाची असते. ती असतेच. पण अशा प्रवासात ती कसोटीला लागते.

(निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात, असं मी आता आवर्जून सांगते. वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याचा, आणि जेट्टी किंवा फाटा आला की सगळे जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, प्रवासासाठी त्या परस्पर बंद करू नका. आणि परत आल्यावरची उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप आणि भूक उडाली, तर प्रवासाचा थकवा समजून अंगावर काढू नका.)

ग्रुपवर न लिहिता एकेकाशी बोलायचं, असं आमचं ठरलं. सुहास यांनी आधी मकरंदला फोन केला. गोळीचं ऐकून तो चिडला. "बाथरूममध्ये जाऊन? माझ्यापासून लपवलंस?" तो दुखावला होता, आणि त्याचं दुखावणं सुहास यांना अनपेक्षित होतं. मग ते दोघं तासभर बोलले. संजयने सरळ माफी मागितली. नितीन म्हणाला, "एवढं काय त्यात, पुढच्या बोटीने आलासच ना!"

ते वाक्य सुहास यांना अजून सलतं. नितीनशी पुन्हा बोलायचं की नाही, हे मी त्यांच्यावर सोडलं आहे. चौघांची मैत्री चौघांत सारखीच असायला हवी, असा हट्ट मात्र त्यांनी सोडलाय. मकरंदबरोबर ते रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलवर जातात, नाश्ता करून.