इंदूरमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीतल्या शंभर मुलांना रोज मोफत पोहे-जिलबी दिली तर चालेल का? खर्च कसा उभा करावा?

नाही चालणार. इंदुरात राहून हे लिहिणं म्हणजे शिव्या ओढवून घेणं आहे, पण पोहे-जिलबी हा नाश्ता आहे, जेवण नव्हे. एका प्लेटीत साठेक ग्रॅम कोरडे पोहे जातात, त्यात प्रथिनं चार ग्रॅम. शाळेतल्या पीएम पोषणच्या, म्हणजे सरकारी मध्यान्ह भोजनाच्या, ताटाचं माप पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, आठवीपर्यंत ७०० आणि २०. सुट्टीत हेच ताट बंद होतं, तर भरपाईही त्याच मापाची हवी.

मूगडाळीची खिचडी करा. निम्मी लहान, निम्मी मोठी धरून १०० मुलांना ८ किलो तांदूळ, ३ किलो डाळ, ५ किलो दुधी-गाजर-लाल भोपळा, पाऊण किलो तेल, दीड किलो दाण्याचं कूट, वर एकेक केळं. सरासरी १६ ग्रॅम प्रथिनं सहज बसतात. पाणी ४५ लिटरच्या आसपास. एकाच मोठ्या पातेल्यात करू नका, तळ लागतो आणि करपट वास सगळ्या खिचडीला येतो. ४० लिटरची दोन घ्या. पाचेक लिटर उकळतं पाणी बाजूला ठेवा, कारण खिचडी दहा मिनिटांत आळते आणि मग कोणीतरी हमखास माठातलं गार पाणी ओततं.

वाढायचं दहाला. आई-बाप आठलाच कामावर जातात, आणि बाराच्या उन्हात मुलांना अनवाणी रांगेत उभं करण्यात काय सेवा आहे, मला कळत नाही. शिजल्यापासून दोन तासांत पातेलं रिकामं व्हायला हवं. उरलेलं संध्याकाळी गरम करून देऊ नका: भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरीयस या जिवाणूचं विष उकळूनही जात नाही. ताक द्यायचं तर बाजारातला बर्फ त्यात टाकू नका, भांडं बर्फात ठेवा.

शंभर मुलं म्हणजे एकशेपंधरा धरा, कडेवरची भावंडं येतातच. लग्नसराईत निम्मी गावी जातात, म्हणून आदल्या दिवशीच्या हजेरीवर तांदूळ मोजा.

वाढदिवसाची पुरी-श्रीखंड मी घेऊ देणार नाही. दाते रागावतात, रागावू देत. त्यांना त्या दिवशीची केळी द्यायला सांगा. आणि ‘सुट्टीत फुकट खायची सवय कशाला’ म्हणणाऱ्या काकांना सांगा, दुष्काळी भागांत सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्या, असा आदेश सुप्रीम कोर्टानं २० एप्रिल २००४ लाच दिला होता.

खर्चाचं दुसरं कोणीतरी सांगेल. हो, फुकट वाटलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि दाण्याची अ‍ॅलर्जी कोणाला आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. असेल तर त्या मुलाची खिचडी कूट घालण्याआधी वेगळी काढा.