‘थिऑस’ची ओळख करून घेताना

इंग्रजीतील ईश्वरविषयक शब्द पाठ करण्याऐवजी तुम्ही आधी ‘थिऑस’, म्हणजे देव, हा एकच ग्रीक शब्द पक्का करावा, असे मी सुचवेन. ‘एथीइस्ट’मधील आरंभीचा ‘अ’ आणि आपल्या ‘अज्ञान’मधील ‘अ’ हे एकाच मुळाचे नकारवाचक उपसर्ग आहेत, हे कळले की नास्तिक हा अर्थ वेगळा घोकावा लागत नाही. ‘मोनोथीइझम’ (एकेश्वरवाद) आणि ‘पॉलिथीइझम’ (अनेकेश्वरवाद) यांचेही तसेच. तिथे फार रेंगाळू नका.

थांबावे ते ‘एन्थुझिॲझम’पाशी. ‘एन’ म्हणजे आत. ज्याच्या आत देव संचारला आहे तो ‘एन्थिऑस’. आपल्याकडे ‘अंगात येणे’ म्हणतात, जवळजवळ तेच. सतराव्या शतकातील इंग्रजीत हा शब्द दैवी प्रेरणेचा खोटा आव आणणाऱ्यांसाठी हेटाळणीने वापरला जाई; निव्वळ उत्साह हा सौम्य अर्थ नंतर रुळला.

मात्र ‘थिअ’ दिसले की देव शोधू नका. ‘थिअरी’ आणि ‘थिएटर’ हे शब्द पाहण्याशी संबंधित ग्रीक शब्दांतून आले आहेत, आणि इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली यांनी 1869 मध्ये घडवलेल्या ‘ॲग्नॉस्टिक’ (अज्ञेयवादी) या शब्दामध्ये तर ज्ञानाचा नकार आहे, देवाचा नव्हे. सर्वांत फसवा ‘डीइटी’ (देवता): तो लॅटिन ‘देउस’वरून आला असून त्याचे नाते आपल्या ‘देव’शी आहे, दिसायला जवळ असलेल्या ‘थिऑस’शी नाही.