निन्जाचा काळा पोशाख आणि सामुराईची तलवार

प्रश्न : निन्जा खरंच काळ्या पोशाखात छपरांवरून उड्या मारत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : काळा पोशाख बहुधा जपानी रंगभूमीवरून आला. काबुकी नाटकात काळे कपडे घातलेले मदतनीस रंगमंचावर वावरतात आणि प्रेक्षक त्यांना 'नाहीतच' असं धरून चालतात. प्रत्यक्षात 'शिनोबी' (निन्जांसाठी तेव्हाचा रूढ शब्द हाच) गडद निळे किंवा तपकिरी कपडे घालत. शेतकरीही नीळ दिलेले कपडे वापरत, त्यामुळे पकडले गेले तरी कपड्यांवरून संशय येत नसे.

त्यांचं बरंचसं काम दिवसाउजेडी चाले. १६८१ च्या 'शोनिन्की' या पोथीत सात वेष सांगितले आहेत : तोंडावर टोपली घालून बासरी वाजवणारा कोमुसो, बौद्ध भिक्खू, डोंगरात तप करणारा यामाबुशी, व्यापारी, हातचलाखीचे खेळ करणारा, नाटकवाला आणि सातवा अगदी साधा माणूस. सोबतच्या सहा वस्तूही अशाच बिनबोभाट : वेताची टोपी, आकडा लावलेली दोरी, लिहायची पाटीची पेन्सिल, औषधं, सुमारे ९० सेंमीचं फडकं आणि विस्तव ठेवायची बांबूची नळी. या यादीत तलवार नाही, चांदणीसारखी चकतीही नाही.

घात व्हायचा तो बोलण्यात. १६३८ मध्ये शिमाबाराच्या बंडात कोका भागातले शिनोबी वेढा घातलेल्या किल्ल्यात शिरले, पण आतल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची क्यूशू बेटावरची बोली आणि प्रार्थनेतले शब्द त्यांना कळेनात. व्यापाऱ्याचं सोंग घेणाऱ्याला मालाचा भाव माहीत नसला तर जे होईल, तेच झालं.

प्रश्न : लाकडी चकत्या पायाला बांधून पाण्यावर चालता येतं का?

उत्तर : नाही. 'मिझुगुमो' नावाच्या या साधनाचं चित्र १६७६ च्या 'बान्सेन्शूकाई' या पोथीत आहे. व्यास सुमारे ६५ सेंमी, जाडी एक सेंटिमीटरही नाही. सगळी चकती भरीव धरली तरी एक चकती साडेतीन लिटरपेक्षा कमी पाणी बाजूला सारते, म्हणजे दोन्ही मिळून सात किलोही उचलणार नाहीत, आणि त्यातही लाकडाचं स्वतःचं वजन आहेच. साठ किलोचा माणूस तरंगायला साधारण साठ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. चिखलाच्या खंदकात पाय रुतू नये म्हणून ते वापरत असावेत, हा अंदाज जास्त पटतो.

प्रश्न : सामुराईच्या तलवारीचं पोलाद हजारदा दुमडत आणि ती चिलखत कापत असे, हे खरं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दुमडत ते दहा-पंधरा वेळा. दर घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांत १,०२४, पंधरा घड्यांत ३२,७६८. 'हजार' आला असेल तर इथूनच. तलवारीसाठीच्या 'तामाहागाने' नावाच्या पोलादात कार्बन सगळीकडे सारखा नसतो आणि मळी अडकलेली असते. दुमडून ठोकलं की मळी निघते, कार्बन समान पसरतो. पण प्रत्येक तावात थोडं पोलाद पापुद्र्यासारखं झडतं आणि कार्बनही जळतो. घड्या अति केल्या तर धार कडक व्हायला कार्बनच उरत नाही.

मग मातीचा लेप : पाठीला जाड, धारेला पातळ. तापवून पाण्यात बुडवलं की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ चिवट राहते. कधी कधी नेमकी याच क्षणी धारेला चीर जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. अशी कडक धार लोखंडी पत्र्यावर मारली तर तिचा तुकडा उडतो. म्हणून रणांगणावर भिस्त धनुष्य आणि भाल्यावर, आणि १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तोड्याची बंदूक आल्यानंतर तिच्यावर. किलोभर वजनाची तलवार कमरेला असे, पण पहिला वार तिचा क्वचितच.

प्रश्न : सामुराई आणि निन्जा एकमेकांचे वैरी होते का?

उत्तर : नाही, कित्येकदा एकच माणूस दोन्ही असे. 'निन्जांचा सरदार' म्हणून गाजलेला हात्तोरी हान्झो हा पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासूचा भालाईत सामुराई. शिनोबींसाठी प्रसिद्ध असलेल्या इगा भागातले लोक त्याच्या हाताखाली होते, इतकंच. टोकियोच्या राजवाड्याचं हान्झोमोन हे दार त्याच्या नावाचं मानतात, आणि त्या दारावरून तिथल्या भुयारी रेल्वेच्या एका मार्गाचं नाव पडलं आहे.