पीएचडीच्या नोट्स एआयमध्ये टाकल्या तर आपोआप लागतात का? कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

प्रश्न बराच मोठा लिहिलाय तुम्ही, मला समजला तो असा: कोकणातल्या जुन्या बंदरांवर पीएचडी चालू आहे, लॅपटॉपमध्ये दोनेकशे पीडीएफ, फोनमध्ये दप्तरातल्या जुन्या कागदांचे फोटो, वर म्हाताऱ्या तांडेलांच्या (होडीच्या म्होरक्यांच्या) मुलाखतींची रेकॉर्डिंग, आणि गाईड विचारतायत चॅप्टर कधी देताय. तर हे सगळं नोटबुक एलएममध्ये (गुगलचं, आपण दिलेल्या कागदांतून उत्तर देणारं एआय) ओतलं की भागेल का, की ऑब्सिडियन घेऊ, की नोशनचे पैसे भरू, ही दोन नोट्स ठेवायची सॉफ्टवेअर.

आपोआप काही लागत नाही. शोधून मात्र भन्नाट मिळतं, आणि शोधून मिळणं वेगळं, नोट्स लागणं वेगळं.

मी रत्नागिरीत असतो, जकातीच्या आणि जहाजांच्या जुन्या कागदांत डोकं घालून बसायची सवय आहे. पुस्तकं आणि पीडीएफ झोटेरोमध्ये (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर), स्वतः टाईप केलेल्या नोट्स ऑब्सिडियनमध्ये, आणि नोटबुक एलएम फक्त विचारायला. त्याच्याकडून नोट लिहून घ्यायची नाही हा माझा हट्ट आहे, आणि तो जुन्या वळणाचा वगैरे म्हणून नाही. संशोधनाच्या नोटेत मजकुराइतकंच महत्त्वाचं असतं ते म्हणजे हे कोण म्हणतंय. गॅझेटियरवाला (इंग्रजांच्या जिल्हा-माहितीच्या सरकारी पुस्तकाचा) साहेब, नंतरचा कुणी लेखक, तांडेल, की तुमचं तुम्हीच काढलेलं अनुमान? एआय सारांश करतो तेव्हा नेमकं हेच पुसलं जातं. लिलावाला आलेल्या चार होड्यांच्या टोपल्या एकाच ढिगात ओतल्या की मासळी तेवढीच राहते, पण कुठली कोणाची ते कोणी सांगू शकत नाही, तसं होतं.

विजयदुर्गचंच घ्या, तुमच्या यादीत असणारच. पर्यटनाचे चार-पाच लेख, एखादी स्मरणिका, पेपरची कात्रणं असं सगळं टाका आणि विचारा की विजयदुर्गचं वैज्ञानिक महत्त्व काय. उत्तर येणार की 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने किल्ल्यावरून हेलियम शोधला, आणि वाक्याच्या शेवटी सायटेशनचे (कुठल्या सोर्समधून घेतलं त्याचे) चार-पाच आकडे, दिसायला एकदम भक्कम. आता गंमत बघा. 1868 च्या ग्रहणाला लॉकियर इथे नव्हताच. त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट बघितला, हेलियमचा माग त्यातूनच लागला. ग्रहणाच्या दिवशी भारतात होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, आणि तोही गुंटूरला. पृथ्वीवर हेलियम हाताला लागायला 1895 उजाडलं, तो रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाने मिळवला. पण लॉकियर विजयदुर्गला आला होता हे शंभर टक्के खरं, फक्त 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी! त्या मोहिमेचा अहवालही छापलेला आहे. दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एक झाली आणि किल्ल्यावर साहेबाचे कट्टे (ग्रहण बघायला बांधलेले म्हणून दाखवतात ते ओटे) दाखवताना 1868 सांगितलं जाऊ लागलं.

पाचही लेख एकमेकांवरून उतरवलेले असतील तर पाच सायटेशन म्हणजे सोर्स एकच. मशीनला त्यात दोष देता येत नाही, तिला तुम्ही दिलेल्या कागदांत शोधायला सांगितलंत आणि तिने ते इमानदारीत केलं. म्हणून माझ्या प्रत्येक नोटेची पहिली ओळ असते ‘कोण म्हणतं’. वरच्या गोष्टीची नोट साधारण अशी: कोण म्हणतं, लॉकियरचा 1898 चा अहवाल, कुठे, छापील पान अमुक, मूळ शब्द, अवतरणात जसेच्या तसे, आणि खाली वेगळ्या परिच्छेदात ‘माझं:’ असं लिहून, की 1868 वाली कथा इथून मागे सरकली असावी, कट्टे नक्की कोणत्या वर्षीचे ते तपासायचं. बस. दहा ओळींच्या वर नोट गेली की ती नोट राहत नाही, निबंध होतो.

छापील पान मुद्दाम म्हटलं. नोटबुक एलएममध्ये सायटेशनवर क्लिक केलं की मूळ उतारा समोर येतो, ही त्याची सगळ्यात चांगली गोष्ट, पण तळटीपेत द्यायला पान नंबर लागतो तो तुम्हालाच पीडीएफ उघडून बघावा लागतो, आणि स्कॅन केलेल्या पुस्तकात पीडीएफचं पान आणि छापलेलं पान कधी जुळत नाही.

आता त्या दोनशे पीडीएफ. टाकायच्या आधी एक काम करा, प्रत्येक मराठी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे मराठी लेख, स्मरणिका, सरकारी पुस्तिका बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, स्क्रीनवर छान मराठी दिसतं आणि पेस्ट केलं की नुसती चिन्हं. एआयलाही ती चिन्हंच मिळण्याची शक्यता असते, आणि तो तसं स्पष्ट सांगेलच असं नाही, बाकीच्या सोर्समधून गोड उत्तर जुळवून देतो आणि तुम्हाला वाटतं सगळं वाचलं. अशा फाईलींना नव्याने ओसीआर करायचं, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून टेक्स्ट करायचं, आतला जुना टेक्स्ट फेकून. टेसरॅक्ट नावाच्या ओसीआर सॉफ्टवेअरला मराठी येतं, गुगल ड्राईव्हमधून डॉक्स म्हणून उघडलं तरी बऱ्यापैकी होतं. मोडीच्या फोटोंच्या बाबतीत मात्र एआयने वाचून दिलेल्यावर विसंबू नका, तिथे मोडी येणारा माणूसच हवा किंवा तुम्ही शिका.

1880 चं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर तुमच्याकडे असणार, त्यात दोन भानगडी आहेत. एक म्हणजे रकमा तिथे आधी पौंडात आणि कंसात रुपयात दिलेल्या असतात, दहा रुपयाला एक पौंड या हिशोबाने, आणि कोष्टकांचं ओसीआर तर रकानेच्या रकाने सरकवून ठेवतं. एखाद्या बंदराची आयात किती विचारलीत तर कधी पौंडाचा आकडा येईल कधी रुपयाचा, दोन बंदरांची तुलना मागितलीत तर एकाचा हा आणि दुसऱ्याचा तो. आकडा नेहमी पानावर डोळ्याने बघून स्वतः टाईप करायचा, याला पर्याय नाही. दुसरं, सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 ला. त्याआधीच्या कागदांत मालवण, देवगड, वेंगुर्ला हे रत्नागिरी जिल्ह्यात, आणि रायगडचं नाव कुलाबा. ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यातली बंदरं सांग’ असं विचारलंत तर जुन्या सोर्समधलं निम्मं गळायची भीती, सिंधुदुर्ग शब्द तिथे किल्ल्यापुरताच. बंदराच्या नावाने विचारा, आणि इंग्रजांची स्पेलिंगं पण सोबत द्या, विजयदुर्गचीच चार सापडतील.

तारखा तर विचारूच नका. पेशवाई कागदात ‘समान सितैन मया व अलफ’ (अरबीत आठ, साठ, शंभर आणि हजार) दिसलं की तो होतो 1168, आणि हा शुहूर सन, म्हणजे त्या कागदांतली कालगणना, त्यात 599 मिळवायचे म्हणजे 1767, मृगापासून वर्ष सुरू म्हणून 1767-68. हाच 1168 हिजरी समजून इसवी सन काढला की येतं 1754-55. तेरा वर्षं गेली कुठे? मध्ये आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला 1756 ला, म्हणजे कागद आंग्र्यांच्या वेळचा की नंतरचा इथपर्यंत उलटापालट. नोटेत मूळ तारीख आहे तशी लिहा, तुमचं रूपांतर शेजारी, आणि एआयला तारखा बदलून मागूच नका.

एवढं ऐकून वाटेल की मग हे वापरायचंच कशाला. वापरायचं, कारण मराठीत प्रश्न विचारून इंग्रजी गॅझेटियरच्या शेकडो पानांतून ‘जयगडच्या खाडीत गाळाचा उल्लेख कुठे कुठे आहे’ हे पाच मिनिटांत मिळणं ही काही लहानसहान गोष्ट नाही, आधी याला अख्खी सुट्टी जायची. माझं विचारायचं वाक्य ठरलेलं आहे: फक्त या सोर्समधून सांग, मूळ वाक्य आहे तसं दे, दोन सोर्स वेगळं सांगत असतील तर दोन्ही वेगवेगळे लिही, नसेल तर नाही म्हण. त्यातला दोन सोर्सचा भाग सगळ्यात कामाचा, चॅप्टर तिथूनच निघतात. फुकटात एका नोटबुकात 50 सोर्स बसतात, मग बंदरांप्रमाणे नोटबुकं करा, आणि ऐकीव लेख अन् मूळ कागद यांची वेगळी ठेवा, म्हणजे हेलियमसारखं होत नाही.

मुलाखतींचं जरा जपून. व्हिस्पर नावाचं आहे, स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं, मराठी रेकॉर्डिंगचं टेक्स्ट करून देतं. साध्या मराठीला ठीक, पण मालवणीत किंवा दाल्दी बोलीत बोलणारा माणूस असला की घसरतं, आणि घसरतं ते नेमकं वाऱ्याच्या, जाळ्याच्या, खडकाच्या नावावर, जे तुम्हाला हवं असतं. तो टेक्स्ट फक्त मिनिट शोधायला वापरा, अवतरण घ्यायचं ते हेडफोन लावून ऐकून घ्या. आणि रेकॉर्डिंग ऑनलाईन कुठेही चढवू नका. लोक पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवरून, हद्दीवरून, कोणी कोणाची जाळी कापली यावरून विश्वासाने बोलतात, गावात नाव फुटलं तर तुम्ही थिसिस देऊन मोकळे, ते तिथेच राहणार आहेत. नोटेत नाव न घालता खुणेचा नंबर घाला, नावांची यादी वेगळ्या वहीत.

ऑब्सिडियन का, तर त्याच्या फाईली साध्या टेक्स्टच्या असतात, सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडतात, आणि नेट नसताना चालतं. निसर्ग वादळानंतर 2020 ला दापोली-मंडणगडात कित्येक दिवस लाईट नव्हती हे तुम्हाला सांगायला नको. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या 1864 पासूनच्या वाचन मंदिराची पुस्तकं पाण्यात गेली, 2005 लाही गेली होती. फोनमधले फोटो म्हणजे कदाचित त्या कागदाची एकमेव प्रत तुमच्याकडे असेल. प्रत्येक दप्तराचा पहिला फोटो बाहेरच्या बस्त्याचा किंवा नंबराचा काढा, फाईलला नाव तिथल्या तिथे द्या, घरी येऊन देईन म्हटलं की राहिलंच.

पैसे भरायचं विचारलंत. नोशनचे नको, एआयच्या महिन्याच्या प्लॅनचेही आत्ता नको. झोटेरोचं फुकट ऑनलाईन स्टोरेज 300 एमबी, ते तुमच्या फोटोंनी एका दप्तरात संपेल, म्हणून त्यावर फक्त माहिती सिंक करा आणि फाईली स्वतःकडे ठेवा. त्याच पैशात दोन हार्ड डिस्क घ्या, एक घरी आणि एक घाटावरच्या कोणा नातेवाईकाकडे. गाईडना चॅप्टर द्यायचाच असेल तर विजयदुर्गपासून सुरू करा, मूळ कागद त्याचेच सगळ्यात जास्त मिळतील.