ऑटोइम्यून आजारात (म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तेव्हा) सतत थकवा येतो, त्यात स्नायूंचा काही संबंध असतो का?

हो, असतो, आणि तो बरेचदा दुर्लक्षित राहतो. रक्ताचे रिपोर्ट सुधारले तरी अंगात त्राण नसतं, तेव्हा लोक स्वतःलाच आळशी ठरवतात. तसं करू नका.

शरीरात सूज दीर्घकाळ राहिली की टीएनएफ-अल्फा, आयएल-६ यांसारखी रसायनं स्नायूंमधली प्रथिनं झिजवतात. ऑटोइम्यून संधिवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) बरेचदा वजन तेवढंच राहून स्नायू घटतात आणि चरबी वाढते, त्यामुळे काट्यावर काहीच कळत नाही. त्यात स्टिरॉइड बरेच महिने चालली तर मांड्या आणि खांदे आधी कमजोर होतात. जिना चढताना कठड्याला धरावं लागतं, केस विंचरताना हात भरून येतात. अशा वेळी सीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ताची तपासणी) बहुधा नॉर्मल येते, म्हणून ही लक्षणं डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्टिरॉइड मात्र मनाने बंद करू नका.

घरी एक करून बघा: हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे असं समजा.

उपाय म्हणजे हळूहळू वाढवलेला ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारूनच). थकव्याचं कारण एकच नसतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि झोपही तपासून घ्या.

थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागत असेल, तर व्यायाम रेटू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.