आजीच्या डब्यातली बसलेली बाई

प्रश्न : आजीच्या दागिन्यांच्या डब्यात कडी लावलेले चांदीचे नाणे निघाले. एका बाजूला पुरुषाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बसलेली बाई. सराफ म्हणाले, रोमन राजा-राणी. खरे का? कडीसकट वजन ४ ग्रॅम. फोटो पाठवले आहेत. – एक वाचिका, वाई

उत्तर : राजा बरोबर, राणी नाही. डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ घातलेला हा सम्राट तिबेरियस, कारकीर्द इ.स. १४ ते ३७. भोवतीच्या अक्षरांत तो स्वतःला ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ म्हणवतो. होता दत्तक, पण नाण्यावर त्याचा उच्चार नाही. १८४८ साली दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी सातारचे राज्य घशात घातले, तेव्हा या शब्दाचे मोल तुमच्या जिल्ह्याला मी काय सांगावे!

बाईच्या एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी. तिच्या बाजूचा मजकूर ‘मुख्य पुरोहित’, पण ती पदवी सम्राटाची. बाईचे नाव कुठेच नाही. कोणी तिला त्याची आई लिव्हिया म्हणतात, कोणी शांतिदेवता. मला देवताच वाटते.

या नाण्याचे नाव दिनार, म्हणजे रोमनांचे ‘देनारियस’. अशी तीन घातली की साधारण एक तोळा भरतो. इ.स. ६४ मध्ये नीरोने वजन आणि कस दोन्ही उतरवले. दक्षिण भारतातल्या साठ्यांत त्याच्या आधीचीच नाणी जास्त सापडतात. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर उभे आयुष्य गेलेल्या मला याचे नवल वाटत नाही. चांगली चांदी कोण सोडतो?

आता खरे-खोटे. भिंगातून कड पाहा. गोल फिरणारा बारीक सांधा दिसला तर नाणे ओतीव, म्हणजे नकली. खरे नाणे ठोकून पाडलेले असते; कड वेडीवाकडी, कधी फुटलेली, चित्र एका बाजूला सरकलेले. तरुणपणी मी साप तुडवणाऱ्या हत्तीचे, ज्यूलियस सीझरचे नाणे हौसेने घेतले. घरी येऊन पाहतो तर कडेवर कानशीच्या रेघा! सांधा घासून काढला होता. नवी खरेदी करायला निघालो की अजून ते खिशात टाकतो.

चिंच, रिठा काही लावू नका. कडीही सोडवू नका, डागाची खूण राहील. गणपतीच्या दर्शनाला सांगलीत आलात तर नाणे बरोबर आणा. फोटोवर मी शिक्का मारत नाही.