मित्राच्या घरी पिस्तूल आहे, मुलाला पाठवू का?

ताई, आम्ही टेक्सासला राहतो. मुलगा ९ वर्षांचा आहे. त्याचा जिवलग मित्र दोन घरं सोडून राहतो, रोजचं येणं-जाणं आहे. मित्राच्या बाबांनी दोघांना शूटिंग रेंजवर न्यायचं ठरवलंय आणि आमची परवानगी मागितली आहे. नवरा म्हणतो, "एकदा बंदूक हाताळली की कुतूहल मिटेल." मला मात्र धडकी भरली आहे. त्यावरून आमचं भांडण चाललेलं असताना मुलगा सहज बोलून गेला, की त्या बाबांचं पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात असतं. माणसं फार चांगली आहेत, अडीअडचणीला धावून येतात. त्यांच्याशी काय आणि कसं बोलू? रेंजवर पाठवू का?
– एक आई

तुमच्या पत्रात खणाबद्दल एकच वाक्य आहे आणि माझा जीव त्याच वाक्यावर अडकलाय. तुम्ही रेंजला घाबरताय, पण खरा धोका दोन घरं सोडून आहे.

रेंजवर धोका नाही असं नाही. २०१४ मध्ये ॲरिझोनातल्या एका रेंजवर ९ वर्षांच्या मुलीच्या हाती उझी ही सबमशीनगन दिली होती. एकापाठोपाठ गोळ्या सुटू लागताच बंदूक वर उसळली आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा जीव गेला. म्हणून पाठवायचं ठरवलंत तर एका वेळी एकच गोळी भरायची हलकी .२२ रायफल, एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि तुमच्यापैकी एक जण तिथे हजर. पिस्तूल नाही, ऑटोमॅटिक तर मुळीच नाही. मन धजत नसेल तर "इतक्यात नको" म्हणा, त्याने काही बिघडत नाही. पण तिथे निदान मोठ्यांचे डोळे मुलांवर असतात. खणापाशी ते नसतात.

कुतूहल मिटेल हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अनेकांना पटतं, मला ते पटत नाही. २००१ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत एका खोलीत बसवलं. तिथल्या खणात खरं, पण गोळ्या नसलेलं पिस्तूल होतं. २९ पैकी २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं आणि १० गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. ज्यांनी हात लावला किंवा चाप ओढला, त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी बंदुकीच्या सुरक्षिततेचे धडे आधी घेतलेले होते. "थांब, हात लावू नको, तिथून पळ, मोठ्यांना सांग" हे अमेरिकेतली नॅशनल रायफल असोसिएशन १९८८ पासून मुलांना शिकवत आली आहे. तुम्हीही जरूर शिकवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ९ वर्षांच्या पोराच्या शहाणपणावर कुलपाची जबाबदारी टाकायची नसते.

बंदूक घरात असावी की नसावी हा तिथला जुना आणि कडवट वाद आहे. शेजाऱ्याच्या दारात उभं राहून तो तुम्हाला सोडवायचा नाही. तुम्ही फक्त कुलपाबद्दल बोला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे, की बंदूक ठेवायचीच असेल तर रिकामी आणि कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात. टेक्सासचा कायदाही १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं गुन्हा मानतो. "रात्री चोर आला तर?" असं ते विचारतील. बोटाच्या ठशावर किंवा आकड्यांवर काही क्षणांत उघडणाऱ्या छोट्या पेट्या मिळतात, पलंगाशेजारी मावतात.

बोलताना आडवळण नको. "तुमच्या घरी मुलं एकटी खेळतात म्हणून विचारते, पिस्तूल कुलपात असतं ना? मुलांना ते खणात असल्याचं ठाऊक आहे." हे दुसरं वाक्य गाळू नका. मुलांना जागा माहीत नाही अशी पुष्कळ आईवडिलांची खात्री असते आणि ती पुष्कळदा खोटी ठरते. मी त्या मित्राची आई असते तर हे मला कुणीतरी सांगावं असंच वाटलं असतं. शिवाय त्यांचा मुलगा त्या खणाजवळ रोज रात्री असतो, तुमचा फक्त खेळायला गेला की.

आणि हे या एका वर्षापुरतं नाही. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, त्यात चुकून सुटलेल्या गोळीपेक्षा खून आणि आत्महत्या कितीतरी जास्त. पंधराव्या वर्षी एखाद्या वाईट संध्याकाळी पोराचा हात खणापर्यंत पोचू नये, म्हणूनही ते कुलूप हवं.

मुलाला रागावू नका. सांगितलंस ते फार बरं केलंस, असं त्याला आजच म्हणा. शेजाऱ्यांकडे दोघं मिळून जा आणि रेंजचं बोलणं नवऱ्याशी झालं असेल तर विषय त्यालाच काढू द्या. पेटी येईपर्यंत मुलांना तुमच्या घरी खेळू दे. आणि ते "बघू" म्हणून टाळत राहिले, तर पुढेही तुमच्याच घरी.